पाणी जोखताना

ब्राइलाच्या धक्क्याला पहाटे साडेचारला
मी होडीत बसून जहाजाला प्रदक्षिणा घालते.
नाळेपाशी, मध्यावर, सुकाणूपाशी,
दोन्ही बाजूंचे मिळून सहा आकडे.
पाणी कुठं टेकलंय, एवढंच वाचायचं.
बावीस वर्षं तेच वाचतेय.

लोक विचारतात, एवढ्या धुडाचं वजन
कुठल्या काट्यावर करता, वेतुरियाबाई?
मी नदीकडे बोट दाखवते.
जहाजानं जेवढं पाणी बाजूला सारलं
तेवढ्या पाण्याचं वजन, तेच जहाजाचं.
डॅन्यूब मापात पाप करत नाही.

पण ती गप्प कुठं बसते?
टगबोट जाते, लाट आकडा चाटून
खाली येते, पुन्हा चाटते.
मग काचेची लांब नळी जहाजाच्या अंगाला लावायची,
बुडाशी बारीक भोक असलेली.
नळीत शिरलेलं पाणी जरा शहाण्यासारखं वागतं.

सेवेर आठवीत असताना
दाब म्हणजे काय ते त्याला कळेना.
मास्तरांनी व्याख्या पाच वेळा लिहून आणायला सांगितलेली.
मी त्याच्या हाताला पावाची रिकामी पिशवी चढवली,
म्हटलं, घाल बादलीत.
पिशवी बोटाबोटाला चिकटली,
पेरं, नखं, खरचटलेला अंगठा, सगळं उमटलं.
"आई, हे सगळीकडून धरतंय."
"खाली जोरात धरतं, वर हलकं.
त्या दोहोंतला फरक जहाज उचलतो."
त्यानं बराच वेळ हात बाहेर काढला नाही.
व्याख्या मात्र पाच वेळा लिहिलीच.
मास्तर ते मास्तर.

आज 'गुलबहार', मका, साडेतीन हजार टन.
रिकाम्याचे आकडे परवा, भरल्याचे आज.
मधल्या वजाबाकीवर माझं घर चालतं.
कप्तान म्हणतो, अकरा टन जास्त लावलेत.
व्यापारी म्हणतो, नऊ टन कमी.
दोघंही चिडले की समजावं, आकडा बरोबर.

सही झाली, शिक्का झाला.
मग उरलेले खलाशी चढले, त्यात सेवेर.
पहिलीच नोकरी. इंजिनघरात, तेल पुसायची.
पाठीवरच्या बॅगेत आलुबुखारच्या मुरंब्याच्या दोन बरण्या,
एकच घेईन म्हणत होता.
वरून त्यानं हात केला नाही,
बाकीचे बघत होते ना.

मी नळी पुन्हा लावली.
काही कारण नव्हतं.
हे जहाज एक सेंटिमीटर खाली जायला
चौदा टन लागतात.
मुलगा बॅगेसकट, बरण्यांसकट, ऐंशी किलो.
तोंडी हिशेब : मिलिमीटरचा सतरावा-अठरावा भाग.
केसाहून बारीक.
हे ठाऊक असूनही वाकून बघितलं,
कपाळ थंड लोखंडाला लागेपर्यंत.
आकडा तसूभर हलला नाही.

बुडालं असणार तरीही.
नियमाला ओळखपाळख नसते.
ऐंशी लिटर नदी कुठंतरी बाजूला सरली असणार,
धक्क्याकडे, पलीकडच्या वेळूंकडे,
थोडी माझ्या होडीखालीही.
वाचणारीची नजर तेवढी नव्हती, इतकंच.

उद्या सुलिनाच्या मुखाशी
गोडं पाणी संपेल, खारं लागेल.
खारं जड, म्हणून थोडक्यात भागतं.
मक्याचा दाणाही न उतरवता
अख्खं जहाज तीन बोटं वर येईल.
जास्त नाही, काळा समुद्र तसा अळणीच.
सेवेरला ते कळणारही नाही.
तो पाण्याच्या रेषेखाली असेल, हातात फडकं,
आणि पत्र्यापलीकडून पाणी
सगळीकडून धरून.

बादलीतली नदी मी नदीत ओतली.
हायड्रोमीटर पुसून पेटीत ठेवला.
सातला बार्लीचं जहाज आहे,
त्याचा नाळेवरचा रंग उडालाय म्हणे,
आकडे अंदाजानं वाचावे लागणार.